पालट्याचे नियम

डहाणू, २२ जानेवारी २०१७

मितू,

हे पत्र पोचेल की नाही ते माहीत नाही. वेरावळच्या मच्छीमार संघटनेतले एक भाई फोनवर म्हणाले, लिहा, पोचतात, पण वेळ लागतो. कधी दोन महिने, कधी सहा. घरच्यांनीच लिहायचं असतं. बाबा लिहिणार नाहीत हे तू जाणतोस, आईला लिहिता येत नाही. राहिले मी.

तुमची बोट पकडल्याचं आम्हाला एकोणीस दिवसांनी कळलं. ओखा बंदरातून तुमची बोट चालवणाऱ्या तांडेलाच्या भावाचा फोन आला. तो आधी एवढंच बोलला की बोट पलीकडे गेली. आईला वाटलं बुडाली. तिनं फोन माझ्या हातात दिला आणि भर दुपारी अंगणातल्या बोंबलांवर चादर टाकायला लागली. मग त्यानं नीट सांगितलं की हद्दीजवळ जाळं ओढताना पाकिस्तानच्या गस्तीच्या बोटीनं धरलं, सातजण आहेत, सगळे जिवंत आहेत, कराचीच्या जेलमध्ये आहेत. मी आईला आधी जिवंत हा शब्द सांगितला. कराची संध्याकाळी सांगितलं.

जाण्याआधीचे तीन दिवस आपण बोललो नव्हतो. त्याबद्दल इथे काही लिहीत नाही, ही पत्रं उघडून वाचतात म्हणे. खेळाबद्दल लिहिते.

परवा मसोलीच्या झेरॉक्सच्या दुकानात जुने गठ्ठे आवरताना ती पानं सापडली, मे २०१४ ची. बोर्डीला सुट्टीवर आलेले एक गृहस्थ खेळाचं जाड इंग्रजी पुस्तक झेरॉक्सला देऊन गेले होते आणि मशीन बिघडल्यामुळे माझी चाळीसेक पानं वाया गेली होती. पाठकोरी म्हणून मी ती घरी आणली. तू कोरी बाजू सोडून छापलेली बघत बसलास. हे काय आहे म्हणालास, तेव्हा मला जेवढं कळलं होतं तेवढं सांगितलं. चारजणांनी बसायचं, एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कोणी तलवारवाला, कोणी मंत्रवाला, कोणी चोर. आणि एक ड्रुइड, म्हणजे रानाची विद्या असलेला माणूस, जो पाहिजे तेव्हा जनावराचं रूप घेतो. नेमका त्याच्याच पानावर काळा पट्टा आला होता. रूप घेता येतं एवढं वाचता येत होतं. कसं, कितीदा, किती वेळ, ते सगळं पट्ट्याखाली. तू म्हणालास, बरं झालं, ते आपण ठरवू.

ड्रुइड म्हणताना तोंडात खडी आल्यासारखी वाटते, म्हणून नाव तू ठेवलंस पालट्या. नियमही तूच केलास. ज्या जनावराबद्दल समोरच्यांना माहीत नसलेल्या तीन खऱ्या गोष्टी सांगता येतील, त्याचंच रूप घ्यायचं. तू, मी, वर्षा आणि सुनिल सर बसलो. सुनिल सर लांडगा व्हायला निघाले आणि एका गोष्टीवर अडकले. तू निवटी झालास. आम्ही हसलो, इतकी रूपं असताना खाडीच्या चिखलातला बोटभर मासा कशाला. तू सांगितलंस, ती पाण्याबाहेर येताना कल्ल्यांत पाणी भरून आणते, डोळे सुकले की आत ओढून ओले करते, आणि तिच्या बिळाला दोन तोंडं असतात. मग त्या दुसऱ्या तोंडातून तू राजाच्या तुरुंगात शिरलास आणि आम्ही हसायचे थांबलो.

पुण्याच्या खेळाच्या संमेलनाला छापून नेलेल्या पुस्तिकेत मी तो नियम काढला होता. आता थोडा तुझ्या बाजूनं बदल केलाय. बघ:

लांडगा, पातळी २, बळ १३, दिवसातून २ वेळा.
अस्वल, पातळी ४, बळ १७, दिवसातून १ वेळ.
बगळा, पातळी १, बळ ४, उडणं ६०.

बगळा घातलाय. शेवटच्या डावात तुझा पालट्या खाडीकाठच्या खाजणात बगळा होऊन उभा होता. आम्ही त्याला तिथून हलवलेलं नाही.

तुला स्वेटर आहे का, असं आई विचारते.

किंजल


डहाणू, ९ जून २०१७

मितू,

माझं पहिलं पत्र पुढे गेलंच नाही. संघटनेच्या भाईंनी ते वेरावळलाच थांबवून परत पाठवलं आणि फोन केला. बेन, ही कसली आकडेमोड, असं विचारलं त्यांनी. मी खेळ समजावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, हद्द ओलांडणाऱ्या कागदावर लांडगा तेरा, अस्वल सतरा, उडणं साठ असं लिहिलेलं असेल तर वाचणारा इकडचा असो की तिकडचा, तो ताठ होऊन बसणार. आधी मला हसू आलं. फोन ठेवल्यावर मनात आलं, तो कागद तुझ्या नावानं तिथे पोचला असता तर.

म्हणून पहिल्या पत्रातला मजकूर पुन्हा लिहून सोबत जोडलाय, तक्ता सोडून. आणि आकड्यांशिवाय नियम लिहायला बसले.

तीन रविवार गेले. आकडे काढले की लांडगा आणि अस्वल यांत काही उरतच नाही. दोघं चावतात, एक जास्त चावतो. पातळी काढली, बळ काढलं, दिवसातून कितीदा ते काढलं, आणि पान कोरं झालं. त्या कोऱ्या पानावर लिहिण्यासारखा एकच नियम माझ्याकडे होता, तुझा. त्यात आकडा एकच, तीन, आणि तोही शब्दात लिहिता येतो.

पुण्यात एकजण पालट्या घेऊन खेळला. लांडगा झाला, चावला. अस्वल झाला, चावला. डाव संपल्यावर त्यानं चांगल्या मनानं विचारलं, तलवारवाला जे करतो त्याहून हा वेगळं काय करतो. हे तुला मी सांगितलं नव्हतं. तू तोवर ओख्याला गेला होतास.

इथे बोटी वर ओढल्यात. दर वर्षी या दिवसांत आपण दुकानात खेळायचो, रविवारी दुपारी शटर अर्धं खाली करून. सुनिल सर आणि वर्षा आशागडहून आले होते. चहा प्यायले, तुझ्या जागी कोणी बसलं नाही, आणि पत्ते खेळून गेले.

बाबा तुझं नाव घेत नाहीत. पण परवा त्यांनी छोट्या होडीला रंग दिला आणि तू बसायचास ती फळी खरवडून नवीन बसवली. आईनं विचारलं तर म्हणाले, कुजली होती. ती कुजलेली नव्हती.

तुला हे पत्र मिळालं तर मोठं उत्तर लिही. काहीही लिही. तिथे कुठले पक्षी येतात ते लिही.

किंजल


डहाणू, ३ नोव्हेंबर २०१७

मितू,

तुझं ऑगस्टमधलं पत्र काल आलं. पोस्टमननं ते आईच्या हातात दिलं. मी दुकानातून येईपर्यंत ती न उघडलेलं पाकीट चार घरांत दाखवून आली होती. मी वाचायला लागले तेव्हा बाबा बाहेर जाळं शिवत होते. मोठ्यानं वाच, एवढंच म्हणाले.

दोनदा वाचलं. जेवणाचा भाग आईनं तिसऱ्यांदा वाचायला लावला. तू बरं लिहिलंस की थंडी फार नाही. खरं असो नसो.

खेळाचा भाग मी नंतर एकटीनं वाचला. माझं पत्र तू बराकीत मोठ्यानं वाचून दाखवलंस आणि दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले आपण खेळू. हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि उगीच जाऊन पाणी पिऊन आले. फासे नाहीत म्हणून खजुराच्या बिया. बीला एका अंगाला चीर असते, चीर वर पडली तर जमलं, पाठ वर पडली तर फसलं. मी दोन वर्षं वीस बाजूंच्या फाशांवर डोकं चालवत होते, मितू.

वाघ कोणीच होऊ शकला नाही, कारण कोणी पाहिलाच नव्हता, हे मी सुनिल सरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीवरून पडायचे बाकी होते. बराकीतले उनाचे ते काका सिंह व्हायला निघाले आणि दोन गोष्टींवर अडकले, तिसरी सांगताना खोटं बोलले आणि सगळ्यांनी पकडलं, तेही. तलासरीच्या बारक्यादादांची घोरपड मला फार आवडली. झाडावर चढली की आपण जिकडे जाऊ त्याच्या उलट बाजूला सरकत राहते. ही डोंगराकडची माणसं बोटीवर कशी गेली असं मला वाटायचं, तर तू लिहिलंस की ते आयुष्यात पहिल्यांदाच समुद्रावर गेले आणि पहिल्याच मोसमात पकडले गेले.

तू म्हणालास तसं केलं. बगळा उडून गेला असं वहीत लिहिलं. वर्षानं नकाशावरची त्याची पेन्सिलची खूण पुसली.

आता तुझा प्रश्न. पालट्या जनावराच्या रूपात किती वेळ राहू शकतो, यावर बराकीत दोन दिवस भांडण चाललंय म्हणतोस. मी बराच विचार केला. काही किंमत नसेल तर तो माणूस परत येणारच नाही, खेळ तिथेच अडेल. म्हणून असा नियम सुचतोय. जितका जास्त राहील तितकं तो विसरत जाईल. आधी घराचा रस्ता. मग घरच्यांची नावं. शेवटी स्वतःचं. मग तो जनावरच राहील. मला वाटतं हे चांगलं जमलंय. वर्षाच्या अंगावर काटा आला.

तुमच्यात करून बघ आणि कळव.

किंजल


डहाणू, १८ जानेवारी २०१८

मितू,

सुटणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव नव्हतं.

डिसेंबरच्या यादीत नव्हतं तेव्हा वाटलं जानेवारीच्या यादीत असेल. भाईंनी यादी वाचून दाखवली, मी फोन लाऊडस्पीकरवर ठेवला होता, ती चूक झाली. आई शेवटच्या नावापर्यंत हात जोडून बसली होती. मग उठून चुलीपाशी गेली.

पण तुमच्या बराकीतले तलासरीचे काकड्यादादा सुटून आले. घरी दोन दिवस राहिले आणि तिसऱ्या दिवशी एसटीनं आमच्याकडे आले, तुझा निरोप द्यायला. कागद आणता आला नव्हता म्हणून त्यांनी तो पाठ केला होता. आईनं दिलेला चहा खाली ठेवला, सरळ बसले आणि शाळेत कविता म्हणतात तसं म्हणाले, "ताई, विसरायचा नियम काढ. इथं माणसं न सांगता विसरतात."

का, ते त्यांनीच सांगितलं. माझा नियम तू वाचून दाखवलास, सगळ्यांना आवडला, खेळायला बसले. तीन दिवसांनी उनाचे काका पालट्या होते, त्यांच्यावर नावं विसरायची पाळी आली. त्यांनी मुलीचं नाव विसरलो म्हणून सांगितलं, खेळात. आणि मग त्यांना ते खरंच आठवेना. दुपारभर आठवेना. कोणी हसलं नाही. संध्याकाळी आठवलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

मितू, मला इथे खुर्चीत बसून तो नियम सुचला होता. वर्षाच्या अंगावर काटा आल्याचा मला आनंद झाला होता. नियम काढला. पानच फाडलं.

त्याजागी तुम्ही जो केलात तोही काकड्यादादांनी सांगितला. पालट्याला परत माणूस व्हायचं असेल तर बाकीच्यांपैकी कोणीतरी त्याला विचारायला पाहिजे, काय बघितलंस. आणि त्यानं सांगायला पाहिजे. कोणी विचारलं नाही तर तो तसाच राहतो. मी विचारलं, मग कोणी मुद्दाम विचारत नाही असं होतं का. काकड्यादादा म्हणाले, नाही, पन्नास माणसं एकदम विचारतात, पहारेवाला ओरडतो.

मी हा नियम जसाच्या तसा लिहून घेतलाय. खाली तुझं नाव घातलंय.

त्यांनीच मला बारक्यादादांच्या घराचा रस्ता सांगितला. रविवारी गेले. तलासरीहून जीपनं, मग चालत. त्यांची बायको जिवली भात उफणत होती. मी कोण ते सांगितलं तरी तिनं सूप खाली ठेवलं नाही. मग मी तुझ्या पत्रातला घोरपडीचा भाग वाचून दाखवला, की एकदा घोरपड घरात शिरली आणि बारक्यादादांनी तिला शेपटीला धरून बाहेर फेकली. ती एकदम हसायला लागली. म्हणाली, "फेकली मी. तो खाटेवर चढून बसलेला." बारक्यादादांना हे नक्की विचार, सगळ्यांसमोर विचार. निघताना तिनं मला वालाच्या शेंगा दिल्या आणि ते पत्र एकदा हातात धरून बघितलं.

पुढचं वेगळ्या पानावर लिहितेय, म्हणजे तुला बाजूला ठेवता येईल.

मितू, पुण्याच्या लोकांनी आपल्या चौघांतल्या दोघांनाच बोलावलंय, त्यांत तू नाहीस, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. त्यांनी लिहिलं होतं, तुमचा सगळा गट घेऊन या, विशेषतः ज्यानं हा रूप बदलण्याचा नियम केला त्याला आणा. ती चिठ्ठी माझ्या टेबलाच्या खणात होती. अजून आहे.

त्याआधी सप्टेंबरमध्ये त्यांच्यातले एकजण बोर्डीला आले होते आणि आपल्यासोबत खेळले, आठवतं. तू निवटी झालास. तू बोलतोस तसाच बोललास, मासळी बाजारात बोलतो तसं, उभा राहून, हातानं चिखल दाखवत. ते गृहस्थ हसले. वाईट हसले नाहीत, त्यांना आवडलं होतं. पण मला लाज वाटली. मला वाटलं, पुण्याच्या हॉलमध्ये हा असाच उभा राहील, याच्या शर्टाला वास येईल, लोक मला विचारतील हा कोण. दहावी नापास, खलाशी, माझा भाऊ. म्हणून मी तुला वगळलं. तुला वगळलं तर तुझा नियम तिथे कोण चालवणार, म्हणून नियमही काढला. खेळाचा तोल बिघडतो असं तुला म्हणाले. तोल बिघडत नव्हता.

पुस्तिका बघून तू एवढंच विचारलंस की माझा बगळा कुठे आहे. मी तोलाचं सांगितलं. तू हो म्हणालास. तीन दिवसांनी बॅग घेऊन ओख्याच्या गाडीत बसलास. बाबांच्या होडीवर तुझं काही अडत नव्हतं. आई मला अजून विचारते, तो अचानक का गेला. मी माहीत नाही म्हणते.

किंजल


डहाणू, ६ मार्च २०१९

मितू,

वर्ष उलटून गेलं, तुझं एक अक्षर नाही. मी पाच पत्रं पाठवली. भाई म्हणतात सध्या दोन्हीकडचं काहीच जात-येत नाही. फेब्रुवारीत जे झालं त्यानंतर बाबांनी टीव्हीचं बटण भिंतीतूनच बंद केलंय. कोणी बातम्या सांगायला आलं तर ते उठून होडीकडे जातात.

तुला ते वेगळं पान मिळालं का, आणि मिळालं म्हणून तू लिहीत नाहीस का, हे मी रोज स्वतःला विचारते. मिळालं असेल आणि तू रागावला असशील तर बरंच आहे. रागवायला माणूस धडधाकट असावा लागतो.

एक अडचण सापडली होती आणि ती सुटली, म्हणून लिहितेय. तीन गोष्टी एकदा सांगितल्या की त्या सगळ्यांना कळतात, मग त्या पुन्हा चालत नाहीत. माझ्या मते हा नियमातला दोष होता. काकड्यादादा म्हणाले दोष नाही, आम्ही घरची सगळी जनावरं सांगून संपवली, मग आवारातल्या मांजरीकडे बघायला लागलो. तिच्या सोळा गोष्टी झाल्या होत्या ते सुटले तेव्हा.

म्हणून मीही बघायला लागले. रविवारी ओहोटीला खाजणाच्या बांधावर जाऊन बसते, लोक बघतात. बगळा पाण्यात एक पाय थरथरवतो, मासे उठवायला. हे तू सांगितलं होतंस, ते धरत नाही. माझं हे आहे: जवळ म्हशी आल्या की तो त्यांच्या सावलीत उभा राहून पाण्यात बघतो. एवढं एकच जमलंय मला, चार महिन्यांत. तू तिथे तासन् तास काय बघत बसायचास हे मी कधी विचारलं नाही. भरती चढायला लागली की मी उठते, आणि प्रत्येक वेळी मागे वळून बघते, कारण तू नेहमी माझ्या मागून यायचास.

आईचे केस पांढरे झालेत. तिला ओळखशील ना.

ये रे.

किंजल


डहाणू, २६ मे २०१९

बारक्यादादा,

मी मितेशची बहीण किंजल. माझी पत्रं तुम्ही बराकीत ऐकली आहेत. आता हे तुम्हालाच लिहितेय. जो कोणी वाचून दाखवेल त्यानं सावकाश वाचावं.

मितू पोचला. एप्रिलच्या शेवटच्या यादीत नाव आलं. मी आणि आई बडोद्याला स्टेशनवर गेलो होतो. गाडीतून शंभर माणसं उतरली, सगळी एकसारखी बारीक. आईनं त्याला ओळखलं आणि मी ओळखलं नाही. त्याच्या हातात तुम्ही केलेलं मण्यांचं पाकीट होतं, जिवलीवहिनींसाठी. प्रवासभर त्यानं ते खाली ठेवलं नाही.

बाबा स्टेशनवर आले नव्हते. घरी आल्यावर दारात उभे होते. त्याला बघितलं, त्याचा दंड धरून बघितला आणि म्हणाले, जेव. मग स्वतः ताट वाढलं, जे त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं, आणि भात संपला की लगेच पुन्हा वाढत होते. शेवटी आईनं त्यांच्या हातातून पळी काढून घेतली.

माझ्याशी तो बोलत नव्हता. ताई म्हणायचा, पाणी मागायचा, तेवढंच. सहाव्या दिवशी मसोलीच्या दुकानात आला आणि पुस्तिका दाखव म्हणाला. नवी पुस्तिका मी तयार केली होती पण तो आल्याशिवाय छापायची नाही असं ठरवलं होतं. तो काउंटरवर वाकून सबंध वाचत बसला. गिऱ्हाइकं त्याच्या बाजूनं हात घालून झेरॉक्स घेत होती. शेवटी त्यानं पेन्सिल मागितली आणि एक ओळ दुरुस्त केली. मी लिहिलं होतं, "नियम: मितेश सदानंद." त्यानं पुढे लिहिलं, "आणि बराकीतले." मग तुम्हा सगळ्यांची नावं लिहायला लागला. बावन्न नावं त्यानं न थांबता लिहिली. तुमचं पहिलं आहे.

मग म्हणाला, ते पान मिळालं होतं.

दादा, तुम्हाला हे माहीत नसेल. माझ्या एका पत्रातलं एक पान त्यानं तुम्हाला वाचून दाखवलं नव्हतं. मी विचारलं का नाही दाखवलंस.

"तिथं सगळे तुझ्या पत्राची वाट बघायचे," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर तुला लहान कशाला करू."

म्हणून ते पान मीच तुम्हाला सांगते. पुण्याला खेळाच्या संमेलनात मितूला बोलावलं होतं आणि मला त्याची लाज वाटली म्हणून मी त्याला नेलं नाही, खोटं सांगितलं, त्याचा नियमही काढून टाकला. त्या रागात तो ओख्याला गेला आणि तुमच्यापर्यंत पोचला. ज्या खेळासाठी तुम्ही मला दुवा दिलात तो खेळ मी त्याच्याकडून काढून घेतला होता. हे सगळ्यांना वाचून दाखवा. आईबाबांना मी गेल्या आठवड्यात सांगितलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आता बोलते.

मितू शेजारी बसलाय. हे लिहू नको म्हणतोय. मी लिहिलं.

तो पूर्वीसारखा झालेला नाही. दार बंद केलं तर उठून उघडतो. सकाळी बाबांबरोबर होडीवर जातो, दिसेल इतक्याच पाण्यात. माझ्याशी कमी बोलतो, पण परवा खाजणावर माझ्या आधी जाऊन बसला होता आणि मी येताना दिसल्यावर बांधावर थोडा सरकला.

आता तुमचं. तुमचं नाव अडलं ते नावामुळेच. आधारवर बारकू आहे, बोटीच्या कागदावर बारक्या. दोन्ही एकच माणूस हे लिहून द्यायचं होतं. मी अर्ज टाइप केला, मितूनं साक्ष दिली, शुक्रवारी आम्ही दोघं तलासरीला जाऊन जिवलीवहिनींना घेऊन कचेरीत दिला. भाई म्हणतात आता पुढच्या यादीला हरकत नसावी. मी तारीख सांगत नाही, कारण मला माहीत नाही.

मण्यांचं पाकीट वहिनींना दिलं. त्यांनी ते उघडून बघितलं, आत काही नव्हतं, तरी बराच वेळ आत बघत राहिल्या. मितूनं त्यांना तुमच्याबद्दल सगळं सांगितलं. तुमचा खोकला गेल्याचं सांगितलं. दात पडल्याचं नाही सांगितलं, ते तुम्ही येऊन सांगा.

अर्जावर अंगठा चालला असता, पण वहिनी म्हणाल्या, अंगठा नको, नाव लिहिणार. मितूनं अंगणात काडीनं काढून दाखवलं. सबंध सकाळ गेली. कोंबड्या त्यावरून फिरत होत्या आणि वहिनी त्यांना हाकलून पुन्हा काढत होत्या. कचेरीत त्यांनी सही केली आणि परत येताना जीपमध्ये माझ्याकडून एक कागद मागून घेतला. तोच हा कागद. त्यांनी आधी खाली लिहिलं, मी वर नंतर लिहितेय, म्हणून शेवटी अक्षरं दाटीवाटीनं आली आहेत.

तुम्हाला वाचता येत नाही हे मला माहीत आहे. मितू म्हणतो, पत्र इथपर्यंत कोणाकडूनही वाचून घ्या, याच्या खालचं घेऊ नका. कागद हातात घ्या आणि तुम्हीच बघा.

जिवली